जळक्या टापूवरची हाक

काळा दगड उन्हात तापला आणि त्याच्यावर नदीचं पाणी पडलं की एक वास सुटतो. तो वास मी आजवरच्या सगळ्या कादंबऱ्यांत लिहून पाहिला आणि दर वेळी तो हुकला. परवा वर्धेच्या काठावर रिक्षातून उतरले, तर तो आपणहून नाकात येऊन बसला. मी तशीच उभी राहिले. रिक्षावाला म्हणाला, "बाई, चक्कर आली का?" आता त्याला काय सांगू?

चांद्याला पुतण्याकडे आले होते. चांदाच म्हणते मी अजून, चंद्रपूर तोंडात बसत नाही. पुतण्या म्हणाला, काकू, या उन्हात कुठं जाता? मी म्हटलं, नदीवर जाऊन येते. नदी बारीक झालीय. पाण्यावर कोळशाची साय धरल्यासारखी दिसते. पण मधोमध तो होता. जळका टापू.

म्हणजे बघा, लांबून पाहिलं तर एखादी म्हैस डुंबत बसलीय असं वाटतं. जवळ गेलं की दगडाचे खांब दिसतात, एकाला एक चिकटलेले, सहा कोनांचे, मधाचं पोळं उभं कापून ठेवावं तसे. एक वड आहे वाकडा, आणि बाकी सगळा काळा दगड. आमच्या लहानपणी पल्याडच्या तीराला मोगलाई म्हणत. निजाम गेला होता, राज्य गेलं होतं, पण बायांच्या तोंडून मोगलाई जायला पुष्कळ वर्षं लागली. टापू मात्र ना इकडचा ना तिकडचा. त्यामुळं तो आम्हां पोरींचा.

माझ्या कादंबऱ्या वाचून लोक विचारतात, बाई, ते आग ओकणारं बेट कुठल्या समुद्रात आहे हो? पुण्याच्या एक बाई तर नकाशा घेऊन आल्या होत्या, बोट ठेवा म्हणाल्या. मी समुद्र पाहिला तोच साठी उलटल्यावर. पाहिला आणि मनात म्हटलं, हा तर फारच मोठा झाला, माझ्या बेटाला एवढं पाणी नको. पण पुस्तकात तोवर समुद्र लिहून झाला होता. डोंगर धुमसत होता, राख पडत होती, आणि काठावर एक बाई पदर पसरून उभी होती. प्रत्येक पुस्तकात तीच बाई. नावं बदलली, साड्या बदलल्या, बाई तीच.

ती माझी माय.

मायची म्हणून धड अशी एकच आठवण माझ्याजवळ आहे. टापूवर ती दगडाला टेकून बसलीय. हिरवं लुगडं. एक हात वर करून पदर छपरासारखा धरलाय, आणि ती हाक मारते, "पर्बता, ये इकडं, ऊन लागून राह्यलं." पर्बता म्हणजे माझी मैत्रीण, ढिवराची, मासे धरणाऱ्याची पोर, माझ्याच वयाची. माझ्या आठवणीत पर्बता पळत जाते, माय तिला पदराखाली घेते आणि मी पाण्याशी उभी आहे, पाय पोळतायत. त्या पावसाळ्यात माय गेली. मग तुम्हीच सांगा, एकच हाक उरली आणि ती दुसऱ्याच्या पोरीला मारलेली. एवढ्या जन्मात हे मी कोणाला बोलले नाही. कादंबऱ्या लिहिल्या.

पण एक गोष्ट जुळत नाही. त्या पदराच्या आतला वास मला ठाऊक आहे. करंजाचं तेल, चुलीचा धूर, कालच्या आंबिलीचा आंबूसपणा, आणि कापडातून गाळून आलेलं हिरवं ऊन. मी पाण्याशी उभी होते तर हे मला कसं ठाऊक? की आधी लिहिलं आणि मग आठवलं? घोटाळा आहे तो इथं. डोळ्यांच्या आठवणीत मी बाहेर, नाकाच्या आठवणीत मी आत. या वयात एवढंच नक्की करून जायचं होतं मला, त्या दिवशी मायनं कोणाला बोलावलं? आणि विचारायला जगात एकच माणूस उरलं होतं, पर्बता.

पर्बताचं घर काठावरच. पण मी लगेच गेले नाही. वाळूत जरा बसले. भीतीच वाटली म्हणा ना.

वाळूत बसलं की ती वर्षं आपोआप वर येतात. बाबा लाकूडडेपोत मुन्शी होते. सागाचे ओंडके मोजायचे, त्यांच्यावर घणानं शिक्का मारायचे. ताज्या कापलेल्या सागाचा वास बाबांच्या सदऱ्याला, टोपीला, बाबांनी आणलेल्या गुळालासुद्धा. शिक्का मारण्याचा आवाज घरापर्यंत यायचा, ठक्क, आणि जरा वेळानं पल्याडून परत, ठक्क. मला वाटायचं मोगलाईतही एक बाबा आहेत.

फागुन लागला की मोहाची फुलं पडायची. सकाळी जमीन अशी दिसायची की कोणी रात्रभर मोती ओवत बसलं आणि सकाळी हातून परडी सांडली. घराघरापुढं फुलं वाळत घातलेली, त्यांचा तो गोड, जड, डोक्यात जाणारा वास. अस्वल येते म्हणून फुलं वेचायला एकटीनं जायचं नाही. आम्ही मोठ्यानं गाणी म्हणत जायचो, अस्वलाला आमची गाणी आवडत नसावीत, कधी आलं नाही. मग नदी उतरायची, वाळू उघडी पडायची आणि ढिवर लोक तिच्यात डांगरवाडी लावायचे. वाळूत टरबुजाचे वेल. पर्बताचं सगळं घर उन्हाळाभर वाळूत, ताट्यांच्या झोपडीत. मी तिथंच पडून असायची. डांगर फोडायचं ते गुडघ्यावर आपटून. सुरी लावली की पर्बता हसायची, "मुन्शीची पोर हाये, डांगराले बी कापून राह्यली कागदावानी."

एकदा डेपोच्या आवारात दगडं तपासणारे कोणी साहेब उतरले होते. त्यांच्याकडून बाबा ऐकून आले. जेवताना म्हणाले, "तो टापू म्हणे आगीतून झाला. पृथ्वीच्या पोटातला रस उतू गेला अन् थिजला."

माय भाकर थापत होती. "दुधावानी?"

"दुधावानीच म्हण."

"मंग कोनं लक्ष नाई ठेवलं वाटते," माय म्हणाली आणि भाकर उलटली.

किती हसले होते बाबा! पण पाहा, हे वाक्य माझ्या दुसऱ्या कादंबरीत सरस्वतीच्या तोंडी छापलेलं आहे. आता ते सरस्वतीनं मायकडून घेतलं की मायला मी नंतर सरस्वतीकडून आणून दिलं? शप्पथ, मला सांगता येत नाही. म्हणूनच मी फक्त ती पदराची आठवण धड धरते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. हात लावला की शाई लागते.

टापूवर बाया वर्षातून एकदा जात, वैशाखात, डोंग्यात म्हणजे लाकडी होडीत बसून. दगड तापलेला असतो, त्याला निववायला. तिथं चूल पेटवायची नाही, काडी ओढायची नाही, विडीसुद्धा नाही. आदल्या दिवशीचा शिळा भात, आंबील, वाळूतल्या काकड्या, कांदा. दगडावर घागरीनं पाणी ओतायचं, मग आंबील ओतायची, मग उरलेलं आपण खायचं. पाणी पडलं की दगड चर्र करायचा आणि बाया म्हणायच्या, "पेली, पेली," म्हणजे आग पाणी प्यायली. काठावर गोंडांचा ढोल वाजत असायचा, तो त्यांच्या कुठल्या लग्नाचा की आमच्यासाठी, कोण जाणे. टिटवी ओरडत असायची. बांगड्या, घागरी, ओल्या दोराचा वास, डोंग्याच्या तळाशी मासळीचे खवले चमकायचे. मायबरोबर मी गेले ती एकदाच. पुढच्या वैशाखात आम्ही तिथं नव्हतो. बाबांनी बदली घेतली, मला मावशीकडं ठेवलं. चौथीनंतर शाळा नाही. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचत मी मोठी झाले. त्यातली गोष्ट नेहमी मध्येच फाटलेली असायची, पुढचं मी मनानं घालायची. तिथून लागली ही खोड.

असो. उठले आणि पर्बताच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती अंगणात जाळं विणत बसली होती. एवढीशी झालीय, वाळलेल्या बोरासारखी. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं मला खालपासून वर पाहिलं.

"आली का व?" ती म्हणाली. जशी मी काल संध्याकाळी गेले होते. "म्हतारी झाली तू तं."

"अन् तू?"

"माहं काय, मी तं अशीच होती." आणि घराकडं तोंड करून ओरडली, "वनिता! भाईर ये व. पुस्तकवाली आली."

वनिता तिची सून. पन्नाशीची, दणकट, डोंगा हीच चालवते. हात पुसत बाहेर आली आणि पायाच पडली. "बाई, तुमचे सगळे पुस्तकं वाचले मी. वाचनालयातून आणून सासूलेही वाचून दाखवतो. झोप नाई येत न तिले."

मला आनंदच झाला तेव्हा. मूर्ख मी.

पर्बताला म्हटलं, "मला टापूवर जायचं आहे. तुझ्यासंगं."

"आता कोन जाते तिथं? बाया बंद झाल्या जाच्या. साप असन."

"सासूबाई, साप तुमाले भिऊन पयून जाईन," वनिता म्हणाली.

"आयकलं का? अशी बोलते मले. तुह्या पुस्तकात लिहिजो हे."

काठावर डोंगा होता. वनितानं तो वाळूतून ढकलला. मी पाय उचलला तशी पर्बतानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "थांब. नाव सोड आधी."

"काय?"

"नाव सोड व, विसरली का? टापूवर आपलं नाव नेत नाई. दगड आयकते. मंग पुरात नदी त्या नावानं हाका मारते." आणि माझे हात हलवत, पोरीसारखी, "तुई मी, माई तू. आता तू पर्बता. सांज होईपर्यंत मले माह्या नावानं कोनी बोलवाचं नाई."

मी खालीच बसले, ओल्या वाळूत. कारण हे माझ्या तिसऱ्या कादंबरीत आहे. बेटावर जाणाऱ्या बाया जोडी जोडीनं नावं बदलतात. अगदी हेच शब्द, तुई मी, माई तू. एका मोठ्या समीक्षकांनी लिहिलं होतं, लेखिकेची कल्पनाशक्ती पाहा. मलाही वाटलं होतं कल्पनाच. आणि जर कल्पना नसेल, ही खरीच चाल असेल, तर त्या दिवशी पर्बता कोण होती? मी होते. माय 'पर्बता' म्हणाली ती मला म्हणाली. पदराखाली गेली ती मी. नाक खरं बोलत होतं.

"पर्बता," मी म्हटलं, "त्या दिवशी माझ्या मायनं कोणाला बोलावलं गं?"

"तुले. मले काऊन बोलावन तुई माय?"

एवढं सोपं! मी रडायलाच लागणार, तेवढ्यात वनिता वल्हं टेकवून म्हणाली, "बाई, राग नोका मानू. हे नावाचं तं पुस्तकातलं हाये. मीच वाचून दाखवलं यायले मागच्या पावसात. पयले कधी म्हनत नोहत्या."

पर्बता चिडली. "पयले कोन जात होतं टापूवर? कोनाले सांगू, तुले का तुह्या मोबाईलले?"

"तुमीच म्हनल्या न तवा, आयो, कसं सुचते बाईले!"

"म्हनली असन. मंग? पुस्तकात हाये म्हून खोटं झालं का?"

"खोटं नाई हो. पन तुमाले आठवते का आयकलेलं, हे कसं समजाव?"

पर्बतानं वनिताकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं. "थांब व," ती हळू म्हणाली. "घोटाळा करून राह्यली ही." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आरशात पुष्कळदा पाहिलंय. माझाच चिखल मी तिच्या विहिरीत नेऊन घातला होता. एक साक्षीदार उरली होती, तिलाही मीच पढवलेलं.

वनितानं आम्हांला टापूवर उतरवलं. वडाच्या मुळ्यांनी खांब फोडलेत मधूनमधून. दगड तसाच आहे, टाच टेकू देत नाही. वनितानं घागर नव्हती म्हणून प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी ओतलं. चर्र झालं. 'पेली' म्हणायला तिघींपैकी कोणालाच सुचलं नाही.

मी वडाखाली बसले, पर्बता जरा लांब, पाण्याकडं तोंड करून. मग ती माझ्याकडं न बघताच बोलायला लागली.

"पुस्तकात एक गोष्ट नाई लिहिली तू."

"कोणती?"

"माही. मी कोठी होती ते."

"कुठं होतीस?"

"डोंग्यात. आमच्या घरच्या बाया मोप होत्या, पन मले कोन पायते? आठ पोरं घरात. माह्या मायनं मले कधी पोट्टे म्हून बोलावलं, कधी मेले म्हून. अन् त्या दिवशी तुई माय दिवसभर माहं नाव घेऊन राह्यली. पर्बता, काकडी खा. पर्बता, पाय पोयतीन. पर्बता, ये इकडं. असं गोड! माह्या नावात एवढं गोड हाये हे मले ठाऊकच नोहतं. दर वेळा मी उठो. अर्धी उठो, मंग याद ये, आपल्याले नाई म्हनत. मंग बसो. दिवसभर उठबस केली मी डोंग्यात." ती हसली, पण तोंड वळवलं नाही. "लगन झालं, पोरं झाली, बुढा गेला. तशी हाक नाई मारली कोनी. तू लिहिलं का पर्बता पयत गेली अन् पदरात शिरली. वनितानं वाचलं तवा मी म्हनलं, जाऊ दे, पुस्तकात तरी गेली."

वनितानं माझ्याकडं बघून 'नाही' अशी मान हलवली. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पुरावा मिळाला होता. उठबस करणारी पोरगी मी कधी लिहिली नव्हती, म्हणजे ती खरी, म्हणजे चाल खरी, म्हणजे हाक माझी. पण ती माझी ठरत होती ती पर्बतानं दिवसभर डोंग्यात उठबस केल्यामुळं. इतकी वर्षं मी पाण्याशी उभी राहून तिच्याकडं बघत होते, आणि ती डोंग्यात बसून माझ्याकडं. डोळ्यांसमोर मग कोण होतं ते? पाण्याशी उभी राहिल्याची ती आठवण मी तिचीच तर उचलली नाही? पुन्हा गुंता. एक गाठ सोडवली की दुसरी आवळते.

"कशी बोलवे व तुई माय?" पर्बतानं विचारलं. "मले शबूद याद हायेत, आवाज नाई."

आणि मला कळलं की मलाही आवाज आठवत नाही.

मी म्हणून पाहिलं, "पर्बता, ये इकडं." माझाच आवाज आला, सभेत भाषण करतात तसा.

"हाड," पर्बता म्हणाली. "अशी का माय राहाते? थानेदार राहाते. हे पाह्य." आणि तिनं तोंडाशी हात धरून ओरडून पाहिलं. पल्याडच्या तीरावरची टिटवी उडाली.

"ही तर डांगर विकणारी झाली," मी म्हटलं.

वनिता पोट धरून हसायला लागली. आम्ही दोघी भांडायला लागलो. ती म्हणे 'ता' लांब होता, मी म्हणे नाही, 'ये' लांब होता आणि 'इकडं' खाली यायचं, जसं कोणी टोपली उतरवून ठेवतं. म्हणून दाखव म्हणाली. मी डोळे मिटले. दगडाचा वास येत होता. हात वर केला, पदर धरला, कसा धरला ते मला माहीत नाही, आणि तोंडातून आलं, "पर्बता, येऽ इकडं, ऊन लागून राह्यलं."

तो आवाज माझा नव्हता. मायचा होता असं मी म्हणणार नाही. सरस्वतीचा असेल, आणखी कुठल्या पुस्तकातल्या बाईचा असेल. मी डोळे उघडले तेव्हा पर्बता अर्धी उठली होती. एक हात गुडघ्यावर, एक दगडावर, मान वर. तशीच थबकली आणि म्हणाली, "पर्बता तं आज तू हायेस." आणि परत खाली बसायला लागली.

"बसू नको," मी म्हटलं. "ये."

ती वाकलेलीच उभी राहिली. मला पाहिलं, पदराकडं पाहिलं. मग पाय उचलत, पोळला की फुंकर घालत, आली.

"सरक मंग तिकडं," ती म्हणाली. "सगळी सावली एकलीच घेऊन बसली."